साडीचा परकर घरी शिवताना: कापड कोणतं आणि बेत कसा

मशीन नवं घेतलं की बहुतेकजणी आधी पिशवी शिवतात, मग उशीचे अभ्रे. त्यानंतर काय शिवू, असं कुणी विचारलं की मी परकर सांगते. बाही नाही, गळा नाही, काजं नाहीत. सगळ्या शिवणी सरळ. टीप थोडी वाकडी गेली तरी वरून साडी येणार.

टीप वाकडी गेलेली साडी झाकते, बेत चुकलेला मात्र झाकत नाही. परकर सीटवर, म्हणजे मागच्या भरलेल्या भागावर, घट्ट पडला तर मागून साडी ओढल्यासारखी दिसते. कंबरेशी सैल असला तर निऱ्या तासाभरात खाली यायला लागतात, आणि मग आपण काय करतो, तर नाडी आणखी आवळतो. मी पंधरा वर्षं तेच करत होते. परकर कंबरेवर टिकतो तो कापडाच्या पकडीने आणि कळ्यांच्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा उभ्या तुकड्यांच्या, बेताने. नाडीने फक्त आधार द्यायचा असतो. खाली जे सांगितलंय त्यातलं बरंचसं नाडीवरचा भार काढण्यासाठीच आहे.

हे सगळं गोल साडीच्या परकराबद्दल आहे. नऊवारीवाल्यांची यातून सुटका.

कापड

दुकानात 'परकराचं कापड द्या' म्हटलं की समोर पॉपलिन येतं, आणि पहिल्या परकराला तेच घ्यावं. पॉपलिनचे उभे धागे बारीक आणि दाट असतात, आडवे त्या मानाने जाडसर. त्यामुळे कापडावर बोट फिरवलं की अगदी नाजूक आडवी रेघ लागते. हीच रेघ निऱ्या धरून ठेवते. कापताना ते सरकत नाही, इस्त्रीची घडी राहते, खडूची खूण उमटते. केंब्रिक त्याहून गुळगुळीत आणि किंचित चकाकणारं. पातळ सुती साड्यांना छान, पकड थोडी कमी. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर हे दोन्ही प्रकार वर्षानुवर्षं निघतात.

ब्लाउजसाठी मिळणारं टू बाय टू रुबिया परकराला वापरता येतं, पण महाग पडतं आणि त्याचा काही खास फायदा मला तरी दिसलेला नाही. मलमल नको. उन्हाळ्यात मोह होतो, पण खिडकीसमोर उभं राहिलात की दोन्ही पाय दिसतात.

साटन, क्रेप, शांतून यांचं गणित वेगळं. जॉर्जेट किंवा शिफॉनची साडी पॉपलिनवर थोडी फुगते, साटनवर ती पाण्यासारखी पडते, म्हणून पार्टीच्या साड्यांना साटन आवडतं. पण साटन म्हणजे पृष्ठभागावर लांब लांब मोकळे धागे, पकड नावालाही नाही. शिवाय पॉलिएस्टरच्या साडीखाली पॉलिएस्टरचा परकर घातला, तर कोरड्या हवेत दोन्ही एकमेकांना आणि पायांना चिकटतात. हिवाळ्यात नागपूरकडच्या लग्नाला गेलेल्यांना हा ताप माहीत असेल. साटनच हवं असेल तर एक युक्ती शेवटी सांगते.

दुकानातच चार गोष्टी करून बघा. कापडाचं टोक मुठीत दाबून सोडा. चुरगळा पडतोच, पण कागदासारख्या कडक रेषा राहिल्या तर खळ भरपूर आहे. मग तेच टोक दोन्ही हातांत धरून कपडे धुताना चोळतो तसं चोळा. पांढरी भुकटी निघाली, तर धुतल्यावर कापड अर्धं पातळ होणार असं समजा. ओला रुमाल घासून रंग जातो का ते पाहा. गडद लाल, हिरवा, निळा घेताना तर हे नक्कीच. आणि साडी बरोबर नेऊन तिचा एकच थर कापडावर पसरून दारातल्या उजेडात बघा. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो. अगदी जुळता रंग मिळाला नाही तर साडीपेक्षा किंचित गडद घ्या. फिकी साडी आणि पांढराशुभ्र परकर ही जोडी मात्र टाळा. पांढरा उलट उठून दिसतो, त्यापेक्षा मोतिया रंग बरा.

किती घ्यायचं? पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच असेल आणि परकराची उंची ३८ इंचांच्या आसपास असेल, तर अडीच मीटर. हिशोबाने सव्वादोनच्या आतच बसतं, पण आटण्यासाठी आणि चुकण्यासाठी थोडं हाताशी असू द्या.

कात्री लावायच्या आधी

माझा पहिला परकर बाटलीहिरव्या पॉपलिनचा होता. दुकानातून आणला, त्याच संध्याकाळी बेतला, रात्री अकराला नाडी ओवली आणि दुसऱ्या दिवशी मावसबहिणीच्या केळवणाला घालून गेले. पहिल्या धुण्यात तो दीड इंच आखूड झाला, आणि बादलीत बरोबर भिजवलेल्या मोतिया साडीच्या काठावर हिरवा नकाशा उमटला. साडी आईची होती.

तेव्हा कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं. गडद असेल तर पाण्यात मूठभर मीठ टाकण्याची पद्धत आहे. रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका, दोन-तीन पाण्यांतून काढा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळंच धुवा. पिळू नका. लांबीत सरळ लोंबतं वाळत घाला आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. एवढं झालं की मापून बघा. अडीच मीटरमागे आठ-दहा सेंटिमीटर गेलेले दिसले तर नवल नाही. ते आता गेले ते बरं.

मग टोक सरळ करून घ्या. दुकानात बहुतेकदा तिरकं फाडून किंवा कापून देतात. काठाजवळ छोटी चीर देऊन एक आडवा धागा ओढा. तो निघतो तिथे एक रेघ दिसते, त्या रेघेवर कापा.

मापं

मापं तीनच लागतात. ज्या चपला घालून साडी नेसता त्या पायात असू द्या.

पहिलं, नाडी जिथे बांधता तिथला घेर. ही खरी कंबर नसते, बहुतेकींची बेंबीखाली दोन-तीन बोटं असते. तिथे एक दोरी बांधा आणि बाकीची मापं होईपर्यंत सोडू नका. दुसरं, सीट, म्हणजे मागच्या बाजूचा सर्वांत भरलेला भाग. टेप आडवी, अंगावर टेकलेली, पण बोट सरकेल इतकी सैल. दोरीपासून सीट किती खाली आहे तेही लिहून ठेवा, साधारण सहा इंच येतं. तिसरं, उंची: दोरीपासून घोट्याच्या हाडापर्यंत, बाजूने. साडी जमिनीला टेकते, परकर तिच्या दोन-एक इंच वर राहिला पाहिजे. तोही जमिनीपर्यंत आला तर चालताना पायात येतो.

श्वास आत ओढून माप देऊ नका. शिंप्याकडेही आपण हेच करतो आणि नंतर त्याला नावं ठेवतो.

बेतणं

सहा कळ्यांचा परकर करूया. कंबर ३२ ते ३५, सीट ४० च्या आसपास, उंची ३८ असं धरते. नेफा, म्हणजे नाडी ओवायची कंबरेची पट्टी, तयार होऊन दोन इंचांचा असेल. खालची दुमड दीड इंच आणि वर शिवणीत जाणारा अर्धा, मिळून तेही दोनच. म्हणजे तयार उंची जेवढी हवी तेवढ्याच उंचीची कळी कापायची, वेगळी बेरीज-वजाबाकी नाही.

३८ इंचांचे दोन तुकडे कापा आणि एकावर एक, काठाला काठ लावून, जमिनीवर सतरंजीवर पसरा. पलंगावर नको, गादी दबते. आता वरच्या कडेवर डाव्या काठापासून १३ इंचांवर खूण करा, तिथून पुढे १० इंचांवर दुसरी. उजवीकडे पुन्हा १३ उरतील. खालच्या कडेवर डाव्या काठापासून ६ वर खूण, तिथून २४ वर दुसरी, उरले ६. वरची पहिली खूण खालच्या पहिलीला आणि दुसरी दुसरीला सरळ रेघेने जोडा. लांब पट्टी नसेल तर दोरीला खडू घासून ती ताणून आपटा, सुतार करतात तसं.

त्या दोन रेघांवर कापलंत की मधली कळी मिळते, वर १० आणि खाली २४. बाजूचे तुकडे मात्र उलटे दिसतील, वर रुंद आणि खाली निमुळते. ते फिरवून घ्यायचे: सहा इंचांची बाजू कंबरेला, तेराची पायाशी. दोन तुकडे एकावर एक असल्यामुळे मधल्या दोन आणि बाजूच्या चार अशा सहा कळ्या एका फटक्यात झाल्या, कापड वाया शून्य. फुलांचा किंवा दिशा असलेला छाप असेल तर हा बेत चालत नाही, बाजूची फुलं डोक्यावर उभी राहतात. साध्या कापडाला वर-खाली नसतं.

हिशोब बघा. कंबरेला दोन मधल्या कळ्यांचे २०, चार बाजूच्यांचे २४, एकूण ४४. सहा शिवणींत एकेक इंच जाणार, उरले ३८. पायाशी १०० मधून ६ गेले, घेर ९४. कंबरेपासून सहा इंच खाली, म्हणजे सीटवर, परकर साधारण पावणेसत्तेचाळीस भरतो. सीटच्या मापापेक्षा तिथे किमान चार इंच जास्त हवेत, नाहीतर खाली बसताना शिवण बोलते. ४० च्या सीटला इथे भरपूर आहे.

तुमचं माप वेगळं असेल तर फक्त मधल्या कळीशी खेळा. तिची वरची रुंदी एक इंच वाढवली की तयार कंबर दोन इंचांनी वाढते, कारण अशा कळ्या दोन आहेत. सीट ४४ असेल तर वर साडेबारा, ११, साडेबारा अशा खुणा करा आणि खाली तेच ६, २४, ६ ठेवा. कंबर ४० आणि सीटवर ४८ मिळतात. त्याहून मोठ्या मापाला ३६ चा पन्हा ओढूनताणून वापरू नका, ४४ चा घ्या. अंगाने बारीक असाल तर मधली कळी वर ९ करा, इतकंच. पहिल्यांदा करताना हे सगळं जुनी वर्तमानपत्रं चिकटवून त्यांवर काढलंत तर छाती धडधडणार नाही.

उरलेल्या कापडातून पाच इंच रुंदीच्या दोन पट्ट्या नेफ्यासाठी बाजूला काढा.

जोडण्याचा क्रम

कापाकापी झाल्यावर प्रत्येक कळीची कोणती कड सरळ आणि कोणती तिरपी ते बघा. काठाची बाजू सरळ, कापलेली बाजू उरेब. उरेब कड ताणते. नुसती हातात लोंबती धरली तरी वाढते. म्हणून नियम असा की उरेबीला सरळ कड जोडायची, म्हणजे सरळ तिला आवरते. मधल्या कळीच्या दोन्ही कडा उरेब आहेत. तिच्या दोन्ही बाजूंना बाजूच्या कळ्यांचे काठ जोडा. पुढचा भाग असा, मागचाही तसाच.

इथे नवशिक्या हमखास घाबरतात. वरून टाचण्या लावत खाली आलात की पायाशी दोन कळ्यांच्या टोकांत अर्धा-पाऊण इंचाचा फरक दिसतो. बेतात चूक झालेली नाही. तिरपी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. वरून जुळवत या, खाली उरेल ते उरू द्या. ते ओढून बरोबर करायला गेलात तर शिवण आयुष्यभर चुण्या दाखवेल.

पॉपलिनला १४ नंबरची सुई, मध्यम टाका, आणि प्रत्येक शिवण वरून खाली. पुढच्या मधल्या कळीची डावी शिवण वरचे सात इंच न शिवता सोडा, तिथे चीर येईल. गाठ निऱ्या खोचतो तिथून जरा डावीकडे पडते आणि निऱ्यांखाली गोळा येत नाही. चिरेच्या दोन्ही कडा आत दुमडून टीप मारा. तळाशी, जिथे शिवण सुरू होते, तिथे मागेपुढे तीन-चार वेळा टीप हवीच. परकर फाटतो तो पहिल्यांदा तिथेच. मग दोन्ही बाजूच्या शिवणी, उरेबीला उरेब. या दोन कच्च्या टाक्याने घाला, पक्क्या नको.

कडांना पिको किंवा इंटरलॉक करून घ्या. गल्लीतला साडीला फॉल-पिको करणारा पाच मिनिटांत करून देतो.

अंगावर घालून बघणं

परकर अजून बिननेफ्याचा आहे. तो घाला, कंबरेशी वरून एक नाडी बांधा आणि आरशासमोर उभ्या राहा. हा अर्धा तास वाचवू नका, बेताचं सगळं यश इथे आहे.

पायाशी कड सगळीकडून जमिनीला समांतर आहे का? बहुतेकींची नसते. पोट असेल तर पुढून वर उचललेली दिसेल. म्हणजे पुढे कापड जास्त लागतंय. नाडीखालून बाजूचं आणि मागचं कापड हळूहळू वर ओढा, कड सपाट होईपर्यंत. मग नाडीच्या खालच्या कडेने खडूने गोल रेघ मारा. ती सरळ येणार नाही, पुढे उंच आणि मागे उतरती येईल. नेफा शिवायची रेघ तीच. तिच्या वर अर्धा इंच ठेवून बाकीचं कापून टाका. पाठीची कमान खोल असणाऱ्यांना मागे नेफ्याखाली आडवा झोळ पडतो, तोही असाच वर ओढून जातो. पोट बरंच पुढे असेल तर आधीच कळ्या इंचभर उंच कापलेल्या बऱ्या.

सीटवर आडव्या ताणलेल्या रेषा दिसल्या की कच्चे टाके उसवून बाजूच्या शिवणी पाव-पाव इंच सोडा. उलट तिथे फुगा दिसत असेल, तर शिवण सीटपासून वर नेफ्यापर्यंतच आत घ्या, खाली हात लावू नका. आणि ९४ चा घेर पातळ साडीखाली जास्त वाटला तर सीटच्या खालून शिवण तिरपी आत घेत जा. पायाशी दुहेरी कापडात तीन इंच घेतले की दोन शिवणींत मिळून घेर बारा इंचांनी उतरतो. त्याहून कमी मी करत नाही, एसटीची पायरी चढायची असते.

आता चाला. खाली मांडी घालून बसा, उठा. एक पाय स्टुलावर ठेवा. हे सगळं जमलं की शिवणी पक्क्या करा आणि परकर रात्रभर हँगरला टांगून ठेवा. बाजूच्या उरेब शिवणी ओघळायच्या तेवढ्या ओघळतील. सकाळी घालून घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून फूटपट्टीने सारख्या अंतरावर खुणा करायला सांगा, त्या रेघेवरच दीड इंचाची दुमड घाला. खाली झालर हवी असेल तर तिची उंची कळीतून आधीच वजा करायला विसरू नका; सुती साडीखाली मला तिचे उंचवटे आवडत नाहीत.

नेफा आणि नाडी

बाजारच्या परकरांत नेफा अरुंद असतो आणि त्यात दोरीसारखी गोल नाडी. सगळ्या साडीचं वजन त्या एका रेघेवर येतं. रात्री परकर सोडल्यावर कंबरेला लाल वळ आणि खाज, नंतर कायमचा काळा पट्टा, हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की कुणी त्याबद्दल बोलत नाही. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन वयस्क बायकांची उदाहरणं मांडली होती: कंबरेवर वर्षानुवर्षं आवळल्यामुळे झालेली जखम बरी होत नव्हती आणि तपासणीत ती कॅन्सरची निघाली. त्यातली एक परकर न घालता लुगडं घट्ट नेसणारी होती, म्हणजे दोष परकराचा नाही, आवळण्याचा. धोतराच्या बाबतीत हीच गोष्ट मुंबईत डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच नोंदवली होती. असं क्वचितच होतं. तरी तिथली जखम भरत नसेल तर मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आपल्या हातात नेफा आहे. पाच इंचांच्या दोन पट्ट्या जोडून ३९ इंच लांबीची एक करा, जोड मागे येऊ द्या. दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दुमडून टीप मारा. पट्टीची एक कड परकराच्या कंबरेला उलट बाजूने जोडा, पट्टी वर उचलून दुमडा आणि दुसरी कड आत मुडपून सुलट बाजूने शिवणीवर टीप मारा. तयार नेफा दोन इंच रुंद. त्यात पाऊण इंच रुंद चपटी, विणलेली सुती नाडी ओवा, दीड मीटर पुरते. सेफ्टीपिन टोकाला लावून सरकवत न्या आणि दुसरं टोक आधीच टाचून ठेवा, नाहीतर अख्खी नाडी आत गिळली जाते. बांधल्यावर नेफ्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. जात नसतील आणि तरीही परकर खाली येत असेल, तर नाडी सोडून पुन्हा सीटच्या शिवणीकडे जा.

साटनची युक्ती म्हणजे हीच: कळ्या साटनच्या, नेफा पॉपलिनचा. रंग थोडा वेगळा असला तरी साडी खोचल्यावर दिसत नाही, आणि कंबरेला जी पकड लागते ती सुती कापड देतं. सुई ११ नंबरची लावा, टाचण्या शिवणीत जाणाऱ्या अर्ध्या इंचातच टोचा, कारण साटनवर टाचणीचं भोक राहतं. कापताना खाली जुनी सुती चादर अंथरा. पण हे दुसऱ्या परकराला. पहिला पॉपलिनचाच, आणि भिजवून.